छत ठेंगणं आहे, मग प्रोजेक्टर टांगायचा कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी साताऱ्यात राहतो, वय ४३. आमच्या रो हाऊसमध्ये वरच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली एक खोली रिकामी आहे. लांबी १४ फूट, रुंदी साडेदहा फूट, पण उंची फक्त ७ फूट ८ इंच. तिथे होम थिएटर करायचं फार दिवसांपासून मनात आहे. पडदा १२० इंची हवा. सगळं मिळून ९० हजार रुपये बाजूला काढले आहेत. दुकानात उंची सांगितली तर म्हणाले, इतक्या कमी उंचीत साधा प्रोजेक्टर टांगता येत नाही, भिंतीला लागून ठेवायचा अल्ट्रा शॉर्ट थ्रो घ्या. त्याची किंमत दोन लाखांच्या पुढे. चुलतभाऊ म्हणतो, ऑनलाइन नऊ हजारांत १०,००० ल्युमेन उजेडाचा प्रोजेक्टर मिळतो, उगाच पैसे घालवू नकोस. बायको म्हणते, सरळ ६५ इंची टीव्ही आणू. माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. लहानपणी ते मला पुसेगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा दाखवायला न्यायचे, जमिनीवर बसून आम्ही बघायचो. तसा मोठा पडदा त्यांना पुन्हा दाखवावा असं वाटतं. हल्ली गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढायला वेळ लागतो. छत काही वर सरकणार नाही. या खोलीचा नाद सोडून देऊ का?

नमस्कार.

नाद सोडू नका. तुमची खोली वाईट नाही. पण तुमच्या पत्रात आणि दुकानदाराच्या उत्तरात एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे प्रोजेक्टर ही छताला टांगायची वस्तू आहे. तुमचं सगळं गणित तिथे अडलं आहे. ऑफिसात, शाळेत, कार्यालयात आपण तो टांगलेलाच बघतो, म्हणून तसं वाटतं. तंबूतला प्रोजेक्टर आठवा. तो लोकांच्या मागे, जमिनीवरच्या स्टँडवर असायचा. झोत प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायचा.

म्हणून यंत्र थोडा वेळ बाजूला ठेवू आणि भिंतीपासून सुरुवात करू. हल्लीच्या १६ बाय ९ पडद्याची मापं काढणं सोपं आहे. कर्णाचे जितके इंच, त्याला ०.८७ ने गुणलं की रुंदी मिळते आणि ०.४९ ने गुणलं की उंची. म्हणजे १०० इंची चित्र साधारण ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच. तुम्हाला हवं असलेलं १२० इंची चित्र १०५ इंच रुंद, ५९ इंच उंच. तुमची खोली ९२ इंच उंच आहे.

आता समजा, दुकानदार म्हणाला तसा साधा प्रोजेक्टर टांगलाच. ब्रॅकेट कितीही आखूड घेतलं तरी लेन्स स्लॅबच्या आठेक इंच खाली येते. त्यातही बहुतेक परवडणाऱ्या यंत्रांमधून चित्र लेन्सच्या पातळीला सुरू होत नाही, थोडं अंतर सोडून सुरू होतं. याला ऑफसेट म्हणतात. माहितीपत्रकात ११० टक्के असं लिहिलेलं असेल तर ते अंतर चित्राच्या उंचीच्या दहा टक्के असतं. उलटं टांगलेल्या प्रोजेक्टरमध्ये चित्र तेवढं आणखी खाली सरकतं. १२० इंची चित्राला ते सहा इंच. म्हणजे स्लॅबपासून १४ इंच सोडून चित्र सुरू होणार आणि ५९ इंच उतरून जमिनीपासून १९ इंचांवर संपणार. गादीवर बसलेल्या माणसाचं डोकं ३३ ते ३५ इंचांपर्यंत येतं. पोरं पुढे बसली की चित्राचा खालचा भाग गेलाच. स्पीकर ठेवायला खाली जागाही उरत नाही.

हेच १०० इंचांचं करून बघा. आठ अधिक पाच, तेरा इंच सोडून चित्र सुरू होतं आणि जमिनीपासून ३० इंचांवर थांबतं. १२० इंचांनी जी खोली नकोशी केली होती, तीच १०० इंचांना पुरून उरते.

तुमच्यासारखा प्रश्न असलेल्या इतर वाचकांनी हेच गणित आपापल्या घराला लावावं. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असावी असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. पण पीओपीचं फॉल्स सीलिंग झालं की हातात साडेआठ फूटच उरतात. साडेआठ फूट म्हणजे १०२ इंच. त्यातून १४ आणि ५९ वजा केले तर तळ २९ इंचांवर येतो. त्या घरात टांगलेला १२० इंची पडदा चालेल. जेमतेम दहा इंचांचा फरक आहे, पण उत्तर बदललं. म्हणून ‘उंची कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका. टेप घेऊन इंचात मोजा आणि वजाबाकी करा.

तुमच्या पत्रात पंख्याचा उल्लेख नाही. गच्चीखालच्या खोलीत पंखा नसेल असं मला वाटत नाही. तो खोलीच्या मधोमध असेल, म्हणजे पडद्यापासून सात फुटांवर. नेहमीच्या ४८ इंची पंख्याची पाती मधल्या पाच ते नऊ फुटांच्या पट्ट्यात फिरतात. दांडी एक फुटाची असेल तर पाती जमिनीपासून ८० इंचांच्या आसपास. आता टांगलेल्या प्रोजेक्टरचा झोत बघा. लेन्स ८४ इंचांवर, चित्राची वरची कड ७९ इंचांवर. झोताची वरची बाजू या दोन उंचींच्या मधून जाते, आणि पाती नेमकी तिथेच. चित्राच्या वरच्या भागात सावली लपलपत राहील. पैसे भरून, स्लॅबला भोकं पाडून झाल्यावर पहिल्या रात्री हे दिसतं तेव्हा फार वाईट वाटतं. मी लोकांना त्यानंतर पंखा काढून टाकताना आणि मे महिन्यात घामाघूम होऊन सिनेमा बघताना पाहिलं आहे. शिवाय पावणेसात फुटांवर फिरणारा पंखा एरवीही धोक्याचाच. कोणी हात वर केला की संपलं. प्रोजेक्टर आणा किंवा आणू नका, त्या खोलीत भिंतीवरचा पंखा लावा.

तर मग ठेवायचा कुठे? टीपॉयवर.

हे उत्तर साधं वाटेल, पण ठेंगण्या खोलीसाठी माझ्या मते हेच सगळ्यात चांगलं आहे. प्रोजेक्टर सरळ ठेवला की तोच ऑफसेट वरच्या दिशेला काम करतो. तुमच्या घरातला टीपॉय १७ इंच उंच आहे असं धरू. लेन्स त्यावर साडेतीन इंचांवर, म्हणजे जमिनीपासून साडेवीस. ऑफसेटचे पाच इंच मिळवा. चित्राचा तळ साडेपंचवीस इंचांवर आणि वरची कड साडेचौऱ्याहत्तरवर. वर स्लॅबपर्यंत दीड फूट मोकळं. चित्र अजून चार इंच वर हवं असेल तर प्रोजेक्टरखाली एक पाट सरकवा. झोत पंख्याच्या खूप खालून जातो. स्लॅबला भोक नाही, त्यामुळे गच्चीतून पाणी झिरपण्याची भीती नाही. साताऱ्याच्या पावसात ही लहान गोष्ट नाही.

किती लांब ठेवायचा, हे थ्रो रेशोवरून कळतं. पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढाच त्याचा अर्थ. साध्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो १.२ ते १.५ च्या घरात असतो. ८७ इंचांना त्यानं गुणलं की साधारण पावणेनऊ ते अकरा फूट. तुमच्या १४ फुटी खोलीत सोफा मागच्या भिंतीला लावला तर डोळे पडद्यापासून बारा फुटांवर येतात. टीपॉय दहा फुटांवर, म्हणजे सोफ्याच्या पुढ्यात. एक गैरसोय आहे, ती आधीच सांगतो. टीपॉयच्या पुढे कोणी बसू शकत नाही आणि मधून कोणी गेलं तर सावली पडते. गादी टीपॉयच्या दोन्ही बाजूंना घालावी लागेल. यंत्राच्या पंख्याचा आवाजही जवळून येईल.

हे नको असेल तर शॉर्ट थ्रो असा एक मधला प्रकार असतो. अल्ट्रा शॉर्ट थ्रो वेगळा. शॉर्ट थ्रोचा रेशो ०.७ च्या आसपास धरला तर १०० इंचांसाठी पाच फूट पुरतात. बुटक्या टेबलावर पडद्यापासून पाच फुटांवर यंत्र, आणि सगळी माणसं त्याच्या मागे. पोरं असलेल्या घरात मला ही मांडणी फार आवडते. तुमच्या बजेटमध्ये असा चांगला मिळाला तर तोच घ्या.

मागच्या भिंतीवर फळी मारून त्यावर ठेवायची कल्पनाही डोक्यात येईल. फळीवरून लेन्स पडद्यापासून पावणेतेरा फुटांवर जाते. तिथून १०० इंची चित्र हवं तर थ्रो रेशो पावणेदोन लागतो. साध्या यंत्राचा झूम दीडला संपला की चित्र ११७ इंचांपेक्षा लहान होतच नाही. फळीसाठी लांब झूम आणि लेन्स शिफ्ट, म्हणजे यंत्र न हलवता लेन्स वरखाली सरकवायची सोय, असलेलं मॉडेल लागतं. काहींचा रेशो १.३ ते २.१ पर्यंत जातो. फार सोयीची वस्तू आहे, पण तुमच्या ९० हजारांत आवाज, पडदा आणि हे, तिन्ही बसवायला ताण पडेल.

दुकानात तुम्हाला सांगतील, उंची जुळत नसली तरी काळजी करू नका, कीस्टोननं सरळ करून देतो. प्रोजेक्टर तिरका केला की चित्र पाटीसारखं चौकोनी न राहता एका बाजूला फाकतं. कीस्टोन ते कापूनकोपून चौकोनात बसवतं. पण ते करताना काही पिक्सेल वाया जातात, अक्षरं मऊ होतात, आणि चित्राच्या बाहेर राखाडी उजेडाची एक चौकट उरते. एखाद्या दिवशी गच्चीवर क्रिकेट लावायला ठीक. रोजच्या खोलीत प्रोजेक्टर सपाट आणि पडद्याच्या अगदी मध्यावर बसला पाहिजे, कीस्टोन शून्यावर ठेवून.

आता त्या दोन लाखांच्या यंत्राबद्दल. अल्ट्रा शॉर्ट थ्रो चांगली वस्तू आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. पण ती तुमच्या खोलीची अडचण सोडवते हे खरं नाही. ती भिंतीजवळच्या कपाटावर बसते आणि चित्र वर फेकते. कपाट १५ इंच, यंत्र पाच इंच, यंत्रापासून चित्राच्या तळापर्यंत साधारण १३ इंच, आणि १२० इंची चित्राची उंची ५९. बेरीज करा. ९२ झाली. चित्र स्लॅबला टेकलं. १०० इंची बसेल, पण ते तर टीपॉयवरूनही बसतं. शिवाय इतक्या जवळून, इतक्या तिरक्या कोनातून येणाऱ्या झोताला भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. गवंड्याच्या थापीचा माग एरवी नजरेलाही येत नाही, तो चित्रात लाटेसारखा उमटतो. म्हणून त्याला चौकटीत ताणलेला खास पडदा लागतो. त्याचे पैसे वेगळे.

ठेंगण्या छताची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तुम्हाला कोणीच सांगितलेली नाही. तुमचं छत पांढरं आहे ना? पडद्यावरून उजेड परततो, छतावर आदळतो आणि पुन्हा पडद्यावर येतो. उंच खोलीत तो वाटेत विरतो. तुमच्याकडे छत चित्राच्या कडेपासून एक-दीड फुटावर. त्यामुळे जे काळं दिसायला हवं ते राखाडी दिसतं, आणि माणूस समजतो प्रोजेक्टर हलका लागला.

याची परीक्षा घरबसल्या होते. आमच्याकडे मी ती एका जुन्या काळ्या छत्रीनं केली होती. रात्रीचं दृश्य लावलं, आकाश धुरकट दिसत होतं. स्टुलावर उभा राहून पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याशी, झोताच्या आड न येता, छत्री उघडून छताला लावून धरली. त्या कोपऱ्यातलं आकाश काळं झालं आणि डावीकडचं तसंच राखाडी राहिलं. एकाच चित्रात दोन रात्री दिसत होत्या. दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावला.

तुम्हीही पडद्याकडचं चार फूट छत आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींचा दोन-दोन फूट पट्टा गडद आणि अजिबात न चमकणाऱ्या रंगानं रंगवून घ्या. चॉकलेटी, गडद करडा, जो घरात आवडेल तो. फक्त त्यावर चमक नको. घरच्यांना रंग नको असेल तर कापडाच्या दुकानातून काळी मखमल आणून चौकटीवर ताणून लावा, मखमल उजेड फार चांगला खाते. या कामाला फार पैसे लागत नाहीत, आणि चित्रात जो फरक पडतो तो त्याच्या कित्येक पट किमतीचा प्रोजेक्टर आणूनही पडत नाही.

उजेडाचा विषय निघालाच आहे तर चुलतभावाच्या १०,००० ल्युमेनबद्दल. १०० इंची चित्राचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस फूट. डिजिटल सिनेमागृहासाठी पडद्यावरच्या उजेडाची पातळी ठरलेली आहे, १४ फूट-लँबर्ट. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी ल्युमेन भागिले चौरस फूट केलं की फूट-लँबर्ट मिळतात. म्हणजे पूर्ण अंधाऱ्या खोलीत सिनेमागृहाइतकं चित्र मिळवायला तुम्हाला पडद्यावर ४२० खरे ल्युमेन पुरतात. यंत्रावर लिहिलेला आकडा सगळ्यात झगझगीत मोडचा असतो. रंग बरोबर दिसणाऱ्या सिनेमा मोडमध्ये तो बराच उतरतो, दिवा जुना होतो तसा आणखी. म्हणून २,००० ते २,५०० अँसी किंवा आयएसओ, म्हणजे ठरलेल्या मानक पद्धतीनं मोजलेल्या, ल्युमेनचा प्रोजेक्टर तुमच्या खोलीला भरपूर झाला.

नऊ हजारांच्या डब्यावरचे १०,००० हे या मापातले नसतात. दहा हजार खरे ल्युमेन देणारी यंत्रं मोठ्या सभागृहात आणि सिनेमागृहात असतात, एका हाताने उचलून टीपॉयवर ठेवायची नसतात. विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : अँसी ल्युमेन किती आणि नेटिव्ह रिझोल्युशन, म्हणजे यंत्राचे स्वतःचे पिक्सेल, किती. ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे फोर-के सिग्नल घेऊन तो आपल्याला झेपेल तेवढा लहान करून दाखवणं. नेटिव्ह १९२० बाय १०८० असेल तरच पुढचं बोलणं करा. बारा फुटांवरून १०० इंची चित्राला तेवढं छान पुरतं.

डीएलपी आणि थ्रीएलसीडी ही प्रोजेक्टरमध्ये चित्र तयार करायची दोन तंत्रं. त्यातलं कुठलं घ्यायचं, यावर लोक फार वाद घालतात. मी एवढंच सांगेन, की एका चिपच्या डीएलपीमध्ये काहींना पांढऱ्या गोष्टींच्या कडेला क्षणभर इंद्रधनुष्यासारखे रंग चमकताना दिसतात, काहींना आयुष्यभर दिसत नाहीत. दुकानात एकटे जाऊ नका. काळ्या पडद्यावर पांढरी श्रेयनामावली लावायला सांगा आणि बायको-मुलांना विचारा. एकालाही त्रास होत असेल तर थ्रीएलसीडी घ्या.

आवाजाचे पैसे आत्ताच वेगळे काढा. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर टीपॉयवरून वाजणार, म्हणजे माणूस बोलतोय समोर आणि आवाज तुमच्या गुडघ्यापाशी. मन लगेच चित्रातून बाहेर येतं. चित्राखाली जी दोन फूट जागा आपण वाचवली आहे, तिथे एक बरा साउंडबार किंवा दोन स्पीकर ठेवा आणि ते तारेनं जोडा. ब्लूटूथला आवाज ओठांच्या मागे पडू शकतो.

मी पैशांची वाटणी अशी करीन : प्रोजेक्टरला ६५ हजारांपर्यंत, आवाजाला १५, आणि उरलेल्या दहात रंग, जाड पडदे, भिंतीवरचा पंखा, तारा. पडदा विकत घेऊ नका. समोरची भिंत नीट घासून, पुट्टी करून, चमक नसलेला पांढरा रंग द्या. एक वर्ष त्यावर बघा. पडदा कधीही आणता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. कोणी जुन्या दराचं कोटेशन पुढे केलं तर तेवढं बघून घ्या. आणि लेझर किंवा एलईडीऐवजी दिव्याचा प्रोजेक्टर घेतलात तर लहानसा यूपीएस लावा. वीज अचानक गेली की दिवा थंड करणारा पंखाही थांबतो, आणि दिव्याला ते मानवत नाही. गच्चीखालची खोली मे महिन्यात तापते. बहुतेक यंत्रांना भोवतालचं तापमान ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालतं. टांगलेलं यंत्र स्लॅबच्या सगळ्यात गरम हवेत श्वास घेतं, टीपॉयवरचं त्या मानानं सुखात असतं.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला हसण्यावारी न्यायचं नाही. दिवसा बातम्या, मालिका, रविवारची मॅच, हे तुमच्या घरात जास्त होत असेल तर टीव्हीच बरोबर. उजेडात टीव्हीपुढे तुमच्या बजेटमधला कुठलाही प्रोजेक्टर टिकत नाही. मोठेपणाचंही ऐका. बारा फुटांवरून ६५ इंची टीव्ही डोळ्यांपुढचे सुमारे २२ अंश व्यापतो, १०० इंची चित्र ३४. सिनेमासाठी साधारण ३० ते ४० अंश चांगले मानतात. पण सोफा पुढे ओढून आठ फुटांवर आणला तर तोच टीव्ही ३३ अंश व्यापतो. मोठेपणा जितका इंचांत असतो तितकाच तो अंतरातही असतो. तेव्हा दोघांनी बसून आठवड्यातलं बघणं किती दिवसाचं आणि किती रात्रीचं, हे प्रामाणिकपणे मांडा. ‘रात्री, सगळे मिळून, आठवड्यातून एक-दोनदा’ असं उत्तर आलं तर प्रोजेक्टर.

आणि आता तुमचे वडील.

तुम्ही पत्र सुरू केलं खोलीच्या उंचीनं, पण माझ्या मनात राहिलं ते शेवटाकडचं वाक्य, जिन्याचं. ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं आहे त्यांनाच ती खोली चढावी लागणार आहे. सिनेमा संपल्यावर अंधारात, झोपेच्या डोळ्यांनी उतरायचंही आहे. गुडघे दुखणाऱ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त अवघड जातं. ते तुमच्यासाठी दोन-तीनदा येतील. मग म्हणतील, तुम्ही बघा, मी पडतो जरा. तुम्हाला वाटेल त्यांना आवडलं नाही.

वरची खोली तुम्हाला का हवी आहे? अंधार करता येतो म्हणून, आवाजाचा त्रास कोणाला होत नाही म्हणून, आणि स्वतःची एक जागा हवी म्हणूनही असेल. यातलं काहीच चुकीचं नाही. पण प्रोजेक्टर स्लॅबला कायमचा जखडला की तो वडिलांपर्यंत कधी पोचत नाही. टीपॉयवरचा प्रोजेक्टर शनिवारी संध्याकाळी खाली हॉलमध्ये आणता येतो. हॉलची एक भिंत रिकामी ठेवा, तिलाही तोच पांढरा रंग द्या. टीपॉय कुठे ठेवायचा त्या जागी फरशीवर टेपच्या चार छोट्या खुणा करून ठेवा, म्हणजे दर वेळी मापं काढायला नकोत. रात्री नऊनंतर हॉलमध्ये अंधार करायला दिवे बंद केले की झालं. वडील त्यांच्या रोजच्या खुर्चीत. वरची खोली बाकीचे दिवस तुमची.

टीपॉयचा मी इतका आग्रह धरतो आहे त्याचं हे मोठं कारण आहे. सहा महिन्यांनी वाटलं की टांगायलाच हवा, तर तेव्हा टांगा. तोवर तुम्हाला कुठे बसायला आवडतं, कोण कुठून ये-जा करतं, हे सगळं कळलेलं असेल. आधी टांगून मग खाली काढणाऱ्याच्या स्लॅबला चार भोकं राहतात.

काहीही विकत घ्यायच्या आधी येत्या रविवारी एवढं करा. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच असा एक कागद तयार करा. आधी वरच्या खोलीत लावा, तळ जमिनीपासून २६ इंचांवर ठेवून. बारा फुटांवर बसा. मुलांना गादीवर बसवा, कोणाचं डोकं कुठवर येतं बघा. बाजूला पेन्सिलीनं १२० इंचांच्याही खुणा करा, म्हणजे मनातली हुरहुर मिटेल. मग तोच कागद काढून खाली हॉलमध्ये लावा आणि वडिलांना त्यांच्या खुर्चीत बसवून विचारा, मान वर करावी लागते का. वयस्कर माणसाला मान मागे टाकून दोन तास बसवत नाही. खालच्या कागदाचा तळ २६ इंचांवर ठेवायचा की आणखी खाली आणायचा, हे त्यांनाच ठरवू द्या. कागद वर-खाली सरकवत जा आणि ते ‘हां, इथे’ म्हणतील तिथे पेन्सिलीची रेघ मारा. ती रेघ जमिनीपासून किती इंचांवर आली आणि हॉलमध्ये टीपॉयला किती फूट मोकळे मिळतात, हे दोन आकडे मला कळवा. कुठल्या थ्रोचा प्रोजेक्टर घ्यायचा ते त्यावरून सांगतो.